इलिश विकणारे, सॅमन सुकवणारे: दोन गरिबींची तुलना कशी करायची?

१९७१च्या डिसेंबरात दोन दिवसांच्या अंतरानं दोन गोष्टी घडल्या. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली आणि बांगलादेश मोकळा झाला. १८ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्यानं अलास्कातल्या मूलनिवासींचा जमिनीवरचा आणि शिकार-मासेमारीचा पिढीजात हक्क संपला. बदल्यात त्यांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन, ९६ कोटी २५ लाख डॉलर आणि नव्यानं स्थापन होणाऱ्या कंपन्यांचे शेअर मिळाले. या मूलनिवासींमधला एक मोठा समाज म्हणजे युपिक.

एकाच आठवड्यात एका लोकसमूहाला देश मिळाला आणि दुसऱ्याला कंपनी. मला ही जोडी लक्षात राहिली ती मात्र नकाशामुळे. युपिक लोक राहतात तो युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांचा त्रिभुज प्रदेश. जनगणनेसाठी त्याचे बेथेल आणि कुसिल्वाक असे दोन भाग केलेले आहेत. दोन्हींची जमीन मिळून दीड लाख चौरस किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ बांगलादेशाएवढीच. बांगलादेश हाही गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी आणलेल्या गाळावर वसलेला. क्षेत्रफळ सारखं, मातीची जात सारखी, आणि माणसं? २०२० साली त्या दोन भागांत २७ हजार. बांगलादेशात १७ कोटी. तिकडे एका माणसाच्या वाट्याला पाच चौरस किलोमीटरहून जास्त जागा येते, इकडे एका चौरस किलोमीटरात अकराशेहून जास्त माणसं राहतात.

मग यांच्यात गरीब कोण?

उत्तर एका ओळीत देता येतं. बांगलादेशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला २,७०० डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे साधारण ११ हजार डॉलर. अमेरिकी सरकारनं सरकारी मदतीसाठी अलास्कातल्या चौघांच्या कुटुंबाला २०२४ साली लावलेली गरिबीची रेषा ३९ हजार डॉलरची होती. म्हणजे अलास्कात रेषेवर उभं असलेलं कुटुंबसुद्धा सरासरी बांगलादेशी कुटुंबाच्या साडेतीनपट श्रीमंत ठरतं. पण ही ओळ खाली ठेवून आपण जरा त्या दोन स्वयंपाकघरांत जाऊ.

त्याआधी एक खुलासा. युपिक हा काही हजारांचा समाज आणि बांगलादेश हा अख्खा देश. ढाक्याच्या गुलशन भागातला कारखानदार आणि भोला बेटावरचा नावाडी दोघेही बांगलादेशीच. राज्यकर्त्यांशी असलेलं नातं तपासायचं असेल तर युपिकांशेजारी चितगाव डोंगरी भागातले चाकमा लोक ठेवायला हवेत. १९६०च्या दशकात काप्ताई धरणानं त्यांची सुपीक शेतं बुडवली आणि सुमारे लाखभर माणसं विस्थापित झाली. मला इथे पोट आणि पैसा एवढंच पाहायचं आहे, म्हणून मी भोला, बरगुना, पटुआखाली या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतली मच्छीमार घरं घेतो. कारण युपिकांसारखंच त्यांचंही आयुष्य समुद्रातून नदीत चढणाऱ्या एका माशाला बांधलेलं आहे.

तो मासा इकडे इलिश आणि तिकडे सॅमन. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्याचं खऱ्या सॅमनशी काही नातं नाही.) दोघेही खाऱ्या पाण्यात वाढतात आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात येतात. नदीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना ते ठरलेल्या हंगामात भेटतात, आणि त्या थोड्या दिवसांत वर्षाची बेगमी करावी लागते.

बेथेलजवळच्या एखाद्या गावात जून-जुलैमध्ये गेलात तर नदीकाठी लाकडी मांडवांवर लालभडक माशांच्या पट्ट्या वाळत असलेल्या दिसतील. वर्सोव्याला बोंबलांच्या वलांडी पाहिलेल्या माणसाला ते दृश्य लगेच ओळखीचं वाटेल. वाळवून झाल्यावर मासे धुरी देण्याच्या खोपटात जातात. शरदात मूस हा घोड्याहून मोठा हरणाच्या जातीचा प्राणी मारला जातो, वसंतात सील आणि रानबदकं मिळतात, उन्हाळ्याच्या अखेरीस दलदलीतली बोरं (तिकडच्या रानटी बेरी) वेचायची असतात. ती बोरं चरबी आणि साखरेत घोळून अकुताक नावाचं पक्वान्न करतात. ग्रामीण अलास्कात असं रानातलं आणि पाण्यातलं अन्न माणशी वर्षाला सव्वाशे किलोच्या आसपास येतं. युपिक राहतात त्या पश्चिम भागात त्याहूनही जास्त.

आता गरिबी मोजणाऱ्याची पाटी पाहू.

बांगलादेशात सरकारी सांख्यिकी खात्याची माणसं निवडलेल्या घरांत जाऊन काय खाल्लं, काय वापरलं ते विचारतात. विकत घेतलेला तांदूळ, परसातला भोपळा, तळ्यातून धरलेला मासा, सगळ्याला किंमत लावून बेरीज करतात. माणशी रोज २,१२२ कॅलरी देणाऱ्या ठराविक जिनसांचा खर्च काढायचा, त्यावर कपडे, घर, औषध यांचा अंदाज चढवायचा आणि तिथे रेषा ओढायची. या पद्धतीनं २०२२ साली १८.७ टक्के लोक गरीब निघाले. २००० साली हाच आकडा ४९ टक्क्यांच्या जवळ होता. बावीस वर्षांत एवढी घसरण ही साधी गोष्ट नव्हे.

अमेरिकेची रेषा वेगळ्या घराण्यातली आहे. १९६०च्या दशकात मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी ती आखली. तेव्हा अमेरिकी कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर जाई, म्हणून किमान आहाराच्या खर्चाची तिप्पट म्हणजे गरिबीची रेषा. पुढे महागाईप्रमाणे ती वर सरकत गेली. या रेषेशी ताडून पाहतात ते मात्र घरात आलेलं रोख उत्पन्न. खोपटातला सॅमन, फ्रीझरमधला मूस, पिंपातलं सीलचं तेल यांची किंमत त्या हिशोबात शून्य.

म्हणजे युपिक माणूस जे खातो ते मोजलंच जात नाही, आणि त्यामुळे तो आहे त्याहून गरीब दिसतो. याच्या उलट दिशेनं खेचणारी दुसरी चूक किमतीतून येते. या भागात बाहेरच्या जगाशी जोडणारा एकही रस्ता नाही. पन्नासच्या वर गावं, मधे दलदल, तळी आणि नद्या. माल विमानानं येतो किंवा बर्फ वितळल्यावर बार्ज नावाच्या सपाट मालवाहू नौकेनं. इंधनाची बार्ज उन्हाळ्यात एकदा-दोनदा येते आणि त्या खेपेला ठरलेला भाव वर्षभर चालतो. पेट्रोल बऱ्याच गावांत मुख्य भूमीच्या दुपटीहून महाग. दूध, फळं, लंगोट यांचीही तीच गत. मदत देताना सरकार अलास्कासाठी रेषा २५ टक्के वर नेतं, पण देशात गरीब किती हे मोजताना जनगणना खातं टेक्सासला आणि कुसिल्वाकला एकच रेषा लावतं. त्यामुळे बेथेलच्या डॉलरची खरी ताकद आकड्यात उतरत नाही. ढाक्याच्या बाजारात शंभर टाक्यांत (टाका हे तिथलं चलन) जेवढी भाजी येईल तेवढीच घ्यायला बेथेलकडे किती पट पैसे पडतील, याचा अंदाज त्या गावच्या एकुलत्या दुकानात उभं राहिल्याशिवाय येणार नाही.

आता कोणी म्हणेल, मासा फुकट आणि मांस फुकट, मग दुकानाची फिकीर कशाला? इथेच बहुतेकांची गल्लत होते. रानातलं अन्न फुकट नसतं. जाळ्यापर्यंत जायला होडीला मोटर लागते, मोटरीला पेट्रोल लागतं. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून जायला स्नोमशीन लागतं. बंदूक, गोळ्या, जाळं, फ्रीझर आणि त्या फ्रीझरची वीज हा सगळा रोखीचा मामला. अलास्काच्या अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली: गावातली साधारण ३० टक्के घरं गावाचं ७० टक्के रानअन्न आणतात. आणि ही घरं बहुधा गावातली गरीब घरं नसतात. ज्या घरात कमावती माणसं जास्त, कुणाला शाळेत किंवा दवाखान्यात पगाराची नोकरी, तेच घर शिकारीलाही पुढे. ते आणतं आणि वाटतं. म्हातारी विधवा, लहान मुलांची एकटी आई यांच्या दारात मासा पोचतो तो या वाटपातून. पगार थांबला की पेट्रोल थांबतं आणि पेट्रोल थांबलं की चार घरांचं ताट रिकामं राहतं.

बरगुनाच्या मच्छीमाराची अडचण बरोबर उलटी आहे. तो रोज मासा धरतो आणि तो मासा खाऊ शकत नाही. किलोच्या वरचा इलिश ढाक्यात दीड हजार टाक्यांच्या वर जातो. एका इलिशच्या पैशात घरच्यांना कित्येक दिवसांचा तांदूळ येतो. असा मासा पोरांच्या ताटात वाढायचा कसा? वरून तो मासा पूर्णपणे त्याचा नसतोच. हंगामाआधी होडी, जाळं, डिझेल, बर्फ यासाठी तो आडतदाराकडून आगाऊ पैसे घेतो. त्याला दादन म्हणतात. ऊसतोड मजुराला मुकादम देतो ती उचल आठवा, म्हणजे दादन समजेल. व्याज कागदावर नसतं, पण सगळा मासा त्याच आडतदाराला, तो म्हणेल त्या भावानं घालावा लागतो, वर आडत कापून जाते. हंगाम वाईट गेला की दादन पुढच्या वर्षावर. पिढ्या अशाच निघतात.

युपिक घराला खायला सॅमन आहे, पण पोटासाठी म्हणून धरलेला मासा खुल्या बाजारात विकता येत नाही. कायद्यानं त्याला रूढीप्रमाणे होणाऱ्या लहानसहान देवाणघेवाणीपलीकडे मोकळीक नाही. बंगाली घराला बाजार आहे, इतका जवळ आणि इतका भुकेला की ताटातला घास तो ओढून नेतो. एकाकडे बाजार नाही म्हणून पैसा नाही, दुसऱ्याच्या अंगावर बाजार बसलेला आहे. दोन्ही घरांना आपण ‘गरीब’ हा एकच शब्द लावतो, हे मला खुपतं. कारण शब्द एक झाला की औषधही एकच सुचतं.

मग रोकड येते कुठून?

अलास्काला तेल सापडलं तेव्हा त्या राज्यानं एक शहाणपणाचा निर्णय घेतला. १९७६ साली घटनेत दुरुस्ती करून तेलाच्या उत्पन्नाचा वाटा एका कायमच्या निधीत टाकायला सुरुवात झाली. १९८२ पासून त्या निधीच्या उत्पन्नातून राज्यातल्या प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या बाळालाही, दर वर्षी लाभांश मिळतो. पहिल्या वर्षी तो १,००० डॉलर होता, २०२२ साली ३,२८४ आणि २०२४ साली १,७०२. सहा माणसांच्या युपिक घरात २०२२ साली यातून १९,७०४ डॉलर आले आणि दोनच वर्षांनी १०,२१२. मोटरीचं नवं इंजिन, हिवाळ्याचं तेल, मुलांचे बूट हे सगळं बऱ्याच घरांत याच पैशावर ठरतं. निधी मोठा आहे, पण रक्कम दर वर्षी राजधानी जुनोमधल्या राजकारणावर हलते. बाकी रोकड म्हणजे शाळा, आरोग्य केंद्र, जमातीचं कार्यालय, विमानपट्टी इथल्या मोजक्या नोकऱ्या. त्यांचाही उगम बहुतेक सरकारीच.

आणि ती १९७१ची कंपनी? युपिक भागाची कंपनी कॅलिस्टा. जन्मानं मूलनिवासी असलेला माणूस भागधारक झाला, पण १८ डिसेंबर १९७१ नंतर जन्मलेल्यांना शेअर नव्हते. म्हणजे भाऊ मालक आणि पाठची बहीण कोणी नाही. कॅलिस्टाच्या भागधारकांनी २०१५ साली मतदान करून पुढच्या पिढ्यांना दार उघडलं. आता कुस्कोक्विमच्या खोऱ्यात डॉनलिन इथे प्रचंड मोठी सोन्याची खाण काढायचा बेत आहे आणि जमिनीखालचा हक्क कॅलिस्टाकडे आहे. नोकऱ्या आणि लाभांश हवा म्हणणारे एकीकडे, नदी विटाळली तर सॅमन जाईल म्हणणाऱ्या जमाती दुसरीकडे. भांडण बाहेरच्यांशी असतं तर सोपं गेलं असतं. इथे ते एकाच घरातल्या भागधारकात आणि मच्छीमारात आहे.

बांगलादेशात निधी नाही, वाटायला तेल नाही. आहेत ती माणसं. १९७९ साली देश गारमेंट्स या कंपनीनं १३० जणांना शिवणकाम शिकायला दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे पाठवलं, आणि त्यातून उभा राहिलेला धंदा आज निर्यातीचा ८० टक्क्यांहून जास्त भाग आणतो. सुमारे ४० लाख कामगार त्यात आहेत, बहुसंख्य बायका. डिसेंबर २०२३ पासून त्यांचं किमान वेतन महिन्याला १२,५०० टाका झालं. संघटनांनी २३,००० मागितले होते. या धंद्याच्या किमतीचा दुसरा भाग २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावारमध्ये दिसला. कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. पैशाचा दुसरा ओघ आखातात आणि मलेशियात कामाला गेलेल्यांकडून येतो, आणि तिकडे जायलाच कर्ज काढावं लागतं. सरकारच्या २०२० सालच्या पाहणीत परदेशी जाण्याचा सरासरी खर्च ४ लाख टाक्यांच्या वर निघाला, म्हणजे तिथल्या जवळजवळ दीड वर्षाची कमाई. सरकारकडून म्हाताऱ्यांना मिळणारा भत्ता परवापरवापर्यंत महिन्याला ६०० टाका होता. त्यात साधा तांदूळ दहा-बारा किलो येतो.

एक फरक मला फार बोलका वाटतो. बंगाली गावातून माणूस बाहेर जातो आणि पैसा घरी येतो. युपिक गावातून माणूस अँकरेज शहरात जातो आणि अन्न घरून त्याच्याकडे जातं: सुकवलेला सॅमन, सीलचं तेल, मूसचं मांस, विमानातून, खोक्यात बांधून. गरीब म्हणवलं जाणारं गाव शहराला पोसतं, आणि या मनीऑर्डरीची नोंद कुठल्याच बँकेत नाही.

मासा कमी झाला तेव्हा दोन्ही सरकारांनी बंदी घातली. बांगलादेशात ऑक्टोबरच्या सुमारास, आश्विनी पौर्णिमेच्या आगेमागे, २२ दिवस इलिश धरायचा नाही. नोंदणी झालेल्या मच्छीमार घराला त्यासाठी २५ किलो तांदूळ. पाच माणसांच्या घरात हिशोब करा: माणशी रोज सव्वादोनशे ग्रॅम. सरासरी बांगलादेशी माणूस रोज सव्वातीनशे ग्रॅमच्या वर तांदूळ खातो, आणि भाताबरोबर डाळ, तेल, मीठही लागतं. दादनाचा हप्ता थांबत नाही. कोकणातल्या पावसाळी बंदीच्या दिवसांत खलाशाच्या घरी काय होतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तरी या बंदीचा उपयोग झाला. वीस वर्षांत इलिशचं उत्पादन २ लाख टनांवरून साडेपाच लाखांच्या वर गेलं. भार कोणी उचलला, हे विसरू नये एवढंच.

युकॉनवर उलट घडलं. बंदी आली, मासा आला नाही. २०२१ साली किंग आणि चम या दोन्ही जातींचे सॅमन इतके थोडे आले की पोटापुरते धरायलाही मनाई झाली. ब्रिस्टल खाडीतला सॅमन विमानानं आणून गावांत वाटावा लागला. २०२४ साली अलास्का आणि कॅनडा यांनी किंग सॅमनवर सात वर्षांची बंदी ठरवली. समुद्राचं तापमान वाढलं हे मोठं कारण. गावकरी आणखी एक बोट दाखवतात: बेरिंग समुद्रात पोलॉक मासा ओढणारे मोठे ट्रॉलर, ज्यांच्या जाळ्यात सॅमनही अडकतो. गुंता असा, की १९९२ पासून त्या पोलॉकचा ठराविक हिस्सा किनाऱ्यावरच्या गावांच्याच संस्थांना दिला जातो आणि त्यातून तिथे नोकऱ्या, होड्या, शिष्यवृत्त्या येतात. सात वर्षांत काय जातं हे पैशात सांगता येणार नाही. आजी सुरी कशी धरायची ते जूनमध्ये नातीला नदीकाठी शिकवते. आठ वर्षांची नात बंदी उठेल तेव्हा पंधराची असेल.

निव्वळ पैशाच्या तुलनेला धक्का देणारा एक आकडा आयुष्याचाही आहे. कोविडच्या २०२१ या वर्षी अमेरिकेतल्या सगळ्या मूलनिवासींचं मिळून सरासरी आयुर्मान ६५च्या आसपास उतरलं. बांगलादेशाचं ७२च्या आसपास होतं. आणि ते पासष्टचं आयुर्मान जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात राहणाऱ्यांचं. काही युपिक गावांत अजून घरात नळ नाही. शौचाला बादली वापरतात आणि ती हातानं बाहेर नेतात. बांगलादेशानं खेडोपाडी लसी, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी आणि संडास पोचवले, हे १९७२ साली सुरू झालेल्या ब्रॅकसारख्या संस्थांचं आणि सरकारी आरोग्यसेविकांचं काम.

वादळांतही हेच दिसतं. १९७०च्या भोला चक्रीवादळात तीन लाखांवर माणसं मेली. तेव्हा विस्थापित झालेल्यांची ढाक्यातली एक वस्ती अजून भोला बस्ती म्हणूनच ओळखली जाते. पुढे इशारा देणारे हजारो स्वयंसेवक आणि काँक्रीटचे निवारे उभे राहिले, आणि २०२०च्या अम्फान चक्रीवादळात तिथल्या मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. जीव वाचतो. जमीन, गाय, होडी वाचत नाही, आणि त्यावरचं कर्ज तर अजिबात बुडत नाही. युपिकांच्या पायाखालची गोठलेली जमीनच वितळते आहे. न्यूटॉक हे गाव नदी खात गेली म्हणून पलीकडच्या काठावर मेर्तार्विकला हलवलं. पहिली घरं २०१९ साली गेली, शेवटची २०२४ साली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाचा उरलेला जोर किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांवर आदळला. घरं पायावरून उचलली जाऊन वाहत गेली, माणसं विमानांतून अँकरेजला आणावी लागली. महिना पाहा: ऑक्टोबर. उन्हाळाभर राबून फ्रीझर नुकते भरलेले, सॅमन, सील, मूस, बोरं, सगळी हिवाळ्याची बेगमी. ती पाण्यात गेली. उत्पन्नाच्या पाटीवर ती कधी चढलीच नव्हती, त्यामुळे त्या पाटीनुसार या घरांचं त्या रात्री अन्नाच्या खात्यात काहीच गेलं नाही.